सेकंड पाळीची माणसं जेवली का?

पत्र:

ताई, माझं वय 60. पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहेत आणि नातवंडांनी ठरवलंय की या वेळी नुसतं जेवून उठायचं नाही, मी आजीबद्दल दहा मिनिटं बोलायचं. आमची परळला चाळीत खाणावळ होती, बाबा गिरणीत. लिहायला बसले की प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती, याच्यापुढे पेन जातच नाही. खरं कारण वेगळं आहे. तिच्या ट्रंकेत उधारीची वही सापडली, 1982 ची. तेवीस माणसं, जानेवारी ते ऑगस्ट, एकूण चार हजार दोनशे रुपये, आणि प्रत्येकाच्या हिशोबावर आडवी रेघ. पैसे मिळाल्याची खूण कुठेच नाही. त्याच जूनमध्ये माझं कॉलेज सुटलं, पैसे नाहीत म्हणून. शेवटची दोन वर्षं तिला डिमेन्शिया होता. मला ओळखायची नाही, "पोरी, परातीत पीठ घे" म्हणायची, जशी काय मी कामाला ठेवलेली मुलगी. पण रात्री बारा वाजता उठून विचारायची, "सेकंड पाळीची माणसं जेवली का?" एका रात्री मी ओरडले, "मेली सगळी माणसं, झोप आता." ती घाबरली, तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. माझ्या मुलीच्या बारावीला मात्र हीच आई रोज रात्री एकपर्यंत तिच्यासोबत जागली. मी काय बोलू? – एक लेक, डोंबिवली

उत्तर:

अगं, ताई म्हणालीस आणि मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे, म्हणून सरळ अगंतुगं करते, चालवून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या ओरडण्यापाशी थांबले, दुसऱ्यांदा वहीपाशी, आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की या दोन गोष्टी एकच आहेत.

आधी ओरडण्याचं. दोन वर्षं रात्री-अपरात्री उठणाऱ्या माणसाला ज्याने सांभाळलंय त्याने एकदाही आवाज चढवला नसेल तर तो माणूस एक तर देव असेल नाहीतर दुसऱ्या खोलीत झोपत असेल. मी माझ्या सासूबाईंवर ओरडलेय, पाण्याचा ग्लास आपटलाय, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडलेय, त्यामुळे मी काही तुला उपदेश करणार नाही. पण तिने तुला ओळखलं नाही असं तू म्हणतेस ना, ते मला तितकंसं पटत नाही. या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बरंच मागे टिकतं. म्हणजे साठ वर्षांची, पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली तू तिच्या डोक्यातून गेली असशील, पण त्या काळातली परळची खोली तशीच होती, स्टोव्ह पेटलेला, दुसरी पाळी सुटायची वेळ, आणि बाजूला परातीत पीठ मळणारी एक पोरगी. ती पोरगी कोण होती गं? कामाला ठेवलेली मुलगी तुमच्याकडे होती का? मला तरी वाटतं ती तुलाच हाक मारत होती, फक्त सतरा वर्षांच्या तुला.

आता वही. इथे मी तुझी समजूत घालणार नाही, कारण तुझा राग खरा आहे आणि तो चुकीचा पण नाही. तुला माहितीच आहे पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते, 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप आजपर्यंत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेलाच नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं की महिना-दोन महिन्यांत मिटेल. खाणावळवाल्या बायकांचं गणित सगळं गिरणीच्या पगारावर, पगार झाला की माणसं पैसे देणार, मग वाण्याचे चुकवायचे, मग पुढच्या महिन्याचं पीठ-तेल पुन्हा उधार आणायचं. पगारच नाही म्हटल्यावर ही साखळी पहिल्याच महिन्यात तुटली. म्हणजे हे बघ, तुझ्या आईने त्या रेघा मारल्या नसत्या तरी ते चार हजार दोनशे काही घरात येणार नव्हते. माणसं गावाला गेली, कोकणात, साताऱ्याला, कुणाकडून वसूल करणार होती ती? ती रेघ म्हणजे दान नव्हतं, बुडीत खातं बंद केलं तिने.

पण तुझा खरा प्रश्न रेघेचा नाहीच. प्रश्न आहे फेब्रुवारीनंतरच्या पानांचा. पैसे येत नाहीत हे दिसत असताना तिने ऑगस्टपर्यंत त्यांना जेवायला का घातलं, आणि ते पीठ कुणाच्या कॉलेजातून आलं. याचं उत्तर लोक "केवढं मोठं मन" असं देतील आणि तुला ते ऐकून किंचाळावंसं वाटेल. मला पण वाटेल.

मला विचारशील तर मोठं मन असेलच, पण त्यात धंद्याचा हिशोबही असणार. तेवीस बांधलेली माणसं म्हणजे तिचं भांडवल. दुकानदार दुकान जळालं तरी गिऱ्हाईक सोडत नाही. उद्या भोंगा वाजला आणि माणसं दुसरीकडे जेवायला बसली तर ही संपली. तिने डाव लावला की संप मिटेल, आणि डाव हरली. त्या वेळी भलेभले हरले, तिला तर रोजचा पेपर वाचायला पण वेळ नसणार. त्यागमूर्ती म्हटलं की ना, त्या बाईचं डोकं काढून घेतल्यासारखं होतं. नुसतं देत राहणारी, न विचार करणारी, समईसारखी कोपऱ्यात जळणारी. तुझी आई तशी नव्हती हे ती वहीच सांगतेय. जी बाई संपाच्या धामधुमीत आठ महिने तारीखवार हिशोब लिहिते ती मला तरी व्यवहारी वाटते.

गिरणगावातल्या या बायका काय चीज होत्या हे तुझ्या नातेवाईकांच्या पुढच्या पिढीला माहीतच नाही. त्यांना बँक दारात उभं करायची नाही, सावकाराकडे मंगळसूत्र ठेवून पीठ आणायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तुझी आई त्यात होती का, घरात कुणाला विचार. नसेल तर ती कुठून उचल घ्यायची ते विचार. नातवंडांना आजीचे लाडू आठवतात, आजी रोज दोन वेळा बाहेरच्या तेवीस माणसांचं जेवण काढायची हे डोळ्यासमोर येत नाही. माणशी तीन भाकऱ्या धर, एका वेळच्या एकोणसत्तर झाल्या. बोलताना हा आकडा सांग आणि जरा थांब. ज्याने घरी एकदा तरी दहा भाकऱ्या थापल्यात त्याला बरोब्बर कळेल.

आणि मग तुझं कॉलेज पण सांग. हो, वर्षश्राद्धालाच. रडगाणं म्हणून नको, हिशोब म्हणून सांग. "त्या वर्षी आईने माणसं सोडली नाहीत, म्हणून जूनमध्ये माझं कॉलेज सुटलं आणि मी तिच्याबरोबर पोळपाटाशी बसले." एवढं एक वाक्य बास. तुझा भाऊ चुळबूळ करेल, एखादी मावशी म्हणेल आजच्या दिवशी कशाला हे. करू दे, म्हणू दे. तेवीस माणसांचं जेवण दोन बायकांनी काढलं, एकीचं नाव घ्यायचं आणि दुसरी सतरा वर्षांची होती म्हणून गाळायची हे काय बरोबर नाही.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा पेपरात छापून आलं, "अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या". शेजारच्या बाईंशी त्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या, नळाच्या पाण्यावरून. त्या शेजारीणबाई तो पेपर घेऊन माझ्याकडे आल्या, चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मनमिळाऊ होय?" आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो, एवढ्या हसलो, की शेवटी त्याच रडायला लागल्या. सासूबाईंची सगळ्यात खरी आठवण त्या दिवशी निघाली बघ, छापलेल्या चौकटीत काही नव्हती.

मुलीच्या बारावीचं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंस. माझं अख्खं लक्ष तिथे गेलं. रोज रात्री एकपर्यंत? तिला तर अभ्यासातलं काही कळत नसणार, मग काय करायची बसून? मुलीला नीट विचार. चहा करायची, की नुसती बसायची, की जपमाळ, की मधेच घोरायची. आणि तुझ्याबद्दल कधी काही बोलली का ते पण विचार. आई तुझ्यापाशी सॉरी म्हणाली नसेल, आपल्या आया म्हणतच नाहीत, त्यांना ते शब्द शिकवलेच नव्हते कुणी. पण ज्या बाईने एका पोरीचं शिक्षण सुटलेलं बघितलं ती दुसरीच्या वेळी रात्री एकपर्यंत का जागते, याचा काहीतरी संबंध असेल असं मला वाटतं. मला वाटतं म्हणजे तसंच आहे असं नाही. आणि असलं तरी त्याने तुझं कॉलेज परत येत नाही, तेव्हा लगेच माफ बिफ करून टाकायची घाई नको. नातीला आजी चांगली मिळाली आणि तुला आई त्या एका वर्षी कमी पडली, दोन्ही एकाच बाईचं.

आता कामाचं. वहीचे आधी मोबाईलवर पानवार फोटो काढ, उजेडात, पेन्सिलीचं लिहिलेलं असेल तर जास्तच सांभाळून. लॅमिनेशन अजिबात करू नकोस, भाऊ उत्साहाने करून आणेल, त्याला आधीच सांग, जुना कागद त्यात कायमचा खराब होतो. सुती कापडात गुंडाळून ठेव, कोरड्या जागी. चाळीतलं जे कुणी जुनं माणूस हयात असेल त्याच्याकडे या महिन्यातच जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि "आई कशी होती" असं विचारू नकोस, सगळे "देवमाणूस" म्हणतात आणि गप्प बसतात. विचार की ती कुणावर चिडायची, भांडी कोण घासायचं, सणाच्या दिवशी काय करायची, ऑगस्टमध्ये शेवटचं कोण जेवून गेलं.

सुरुवात कशी करायची असं विचारशील तर वहीतली नावंच वाच. तेवीसच्या तेवीस. ज्यांची नावं तिने लिहिली नसतील, नुसता "जिन्याखालचा" किंवा "चष्मेवाला" असं काही लिहिलं असेल, तर तेही तसंच वाच. आणि मग सांग की शेवटच्या दिवसांत ती रात्री बारा वाजता उठून यांच्याबद्दल विचारायची आणि तू एकदा ओरडलीस.

त्या दिवशी पानं वाढून झाली की कुणी विचारायच्या आत तूच मोठ्याने सांगून टाक, सेकंड पाळीची जेवली म्हणून. आणि त्या तेविसांपैकी एखादा सापडला तर मला नक्की कळव.