इंडक्शनची मंद आच: बिघाड नव्हे, रचनेतील उणीव

नवीन २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर २०० वॅट लावूनही दूध काही सेकंद जोरात उसळते, मग एकदम निवते आणि खीर तळाला लागते, तेव्हा शेगडी बदलून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. बदलून फारसा फरक पडणार नाही, कारण त्याच किमतीची दुसरी शेगडीही बहुधा अशीच वागेल.

स्वस्त घरगुती शेगड्यांमध्ये काचेखालील तांब्याच्या कॉइलला उच्च वारंवारतेचा प्रवाह पुरवण्याचे काम बहुतेक वेळा आयजीबीटी नावाचा एकच इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. शक्ती फार कमी केली, तर त्याच्यावरील विद्युतदाब शून्यावर उतरण्याआधीच त्याला चालू व्हावे लागते आणि तो जास्त तापतो. त्याला जपण्यासाठी शेगडी बरीच मोठी शक्ती, अनेकदा हजार वॅटच्या आसपास, काही सेकंद देते, मग काही सेकंद पूर्ण थांबते. पडद्यावरील २०० हा आकडा केवळ सरासरी सांगतो. (मंद आचेचे बटण देऊन मंद आच न देणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.) तापमानाचे बटण वापरूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण संवेदक काचेखाली असतो आणि भांड्यातील उष्णता त्याला उशिरा कळते.

चहा, भाजी उकडणे, कुकर यांना या चालू-बंदचा त्रास जवळजवळ होत नाही. त्रास होतो तो दूध, खीर, मऊ खिचडी आणि साखरेच्या पाकाला, आणि तोही मुख्यतः पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, कारण कॉइलच्या वर तळाला एक तप्त वर्तुळ तयार होते आणि ती उष्णता पसरायला तेथे पुरेसा धातूच नसतो. त्यामुळे पहिला खर्च शेगडीवर नव्हे, तर मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड, सपाट बुडाच्या भांड्यावर करावा. मात्र त्याच्या तळाला चुंबक चिकटतो, याची खात्री करून घ्यावी. दुधासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मोठ्या पातेल्यात पाणी घालून त्यात दुधाचे भांडे ठेवणे. खालून येणारे उष्णतेचे झटके पाणी झेलते आणि उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांच्या वर जात नसल्यामुळे दूध करपत नाही. वेळ मात्र जास्त लागतो. बासुंदी आटवायची असेल, तर गॅसच बरा.

शेगडी १६०० वॅटवरही वारंवार थांबत असेल, पंखा फिरत नसेल किंवा पडद्यावर बिघाडाचा संकेत (एरर कोड) येत असेल, तर तो खरा बिघाड समजून वॉरंटीत तपासून घ्यावा. केवळ मंद आचेच्या तक्रारीवर कोणी कार्ड (आतील सर्किट बोर्ड) बदलायला सांगितले, तर नकार द्यावा, कारण नवे कार्डही त्याच रचनेचे असेल. स्वतः शेगडी उघडू नये. आतील कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.