डोहाळ्यांत डोह नाही

मुलुंडच्या एका वाचकाने विचारलंय, ‘डोहाळे’ हा शब्द ‘डोह’वरून आला का? आणि पुढाऱ्यांना मंत्रिपदाचे डोहाळे लागतात असं छापून येतं, ते बरोबर का?

डोहाची ही कथा कुठे पिकते ते मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये भाचीचं डोहाळजेवण होतं. फुलांच्या झोपाळ्यावर ती, पुढ्यात पेढा आणि बर्फी झाकलेल्या दोन वाट्या, आणि माइकवर निवेदिका: ‘‘मनाच्या डोहातून वर येतात, ते डोहाळे!’’ टाळ्या पडल्या. मी मसालेभात गिळत गप्प बसलो, सासरची मंडळी समोर होती म्हणून.

अर्थ सांगत बसत नाही. भर पावसाळ्यात कैरी शोधत ज्यांनी भाजीबाजार पालथा घातलाय, त्यांना तो पाठ आहे. मूळ शब्द ‘दोहद’. प्राकृतात शेवटच्या ‘द’चा ‘ल’ झाला आणि सुरुवातीच्या ‘द’चा ‘ड’. दंशाचा डास झाला तसाच. हेमचंद्राने १२व्या शतकात आपल्या व्याकरणात हे दोन्ही बदल नोंदवून ठेवलेत. त्यात डोह कुठेच नाही.

आता ‘दोहद’ कुठून आला? बहुतेक जण सुश्रुताकडे बोट दाखवतात: चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाई ‘द्विहृदया’ होते, म्हणून ती ‘दौहृदिनी’. दोन हृदयं! गोड आहे, म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. पण वैद्यांनी नाडी बघावी, व्युत्पत्तीत पडू नये. ‘दोन हृदयांचं’ म्हणून मूळ ‘द्वैहृद’ धरलं, तर त्यातल्या ‘ऐ’चा प्राकृतात ‘ए’ व्हायला हवा: वैद्यचा वेज्ज, शैलचा सेल. मग ‘दो’ कुठून टपकला? ‘औ’चा मात्र ‘ओ’ सरळ होतो, यौवनाचं जोव्वण होतं तसा. म्हणजे मूळ ‘दौर्हृद’. दुर् अधिक हृद्, जीव बिघडणं, साधी मळमळ. कालिदासही रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात पहिल्याच श्लोकात दिलीप राजाच्या राणीबद्दल, सुदक्षिणेबद्दल ‘दौर्हृदलक्षणं दधौ’ म्हणतो, म्हणजे तिच्यात दौर्हृदाची लक्षणं दिसू लागली. ती माती खाते, आणि तिच्या तोंडाचा मातीचा वास एकांतात हुंगून राजाची तृप्ती होत नाही. ‘द्वैहृद’वाले पंडित यावर काय म्हणतात ते मी वाचलंय. पटलेलं नाही. तिसऱ्या महिन्यात विरार लोकलमध्ये दाराशी उभं राहून जिने घर गाठलंय, तिला विचारा: आधी दोन हृदयं आठवली की मळमळ?

आणि हे केवळ बायकांपुरतं नाही. संस्कृत काव्यात झाडांनाही दोहद असतो. तरुणीच्या डाव्या पायाची लाथ बसली की अशोक फुलतो, तिच्या तोंडच्या मद्याची चूळ पडली की बकुळ. (अशोक म्हणजे सीतेचा, लाल फुलांचा. सोसायटीच्या कुंपणाला शिपायासारखा उभा असतो तो नव्हे. त्याला कितीही लाथा मारा.) मेघदूतातला यक्ष तर म्हणतो, माझ्या अंगणातली ही झाडं ‘दोहदच्छद्मना’, डोहाळ्याचं सोंग करून, माझ्या बायकोचा पाय आणि तोंडची दारू मागतात, मलाही तेच हवंय. वियोगात माणूस झाडावर जळतो!

हां, पुढारी. झाडाला चालतं ते नगरसेवकाला का चालू नये? चालतं. फक्त मराठीत या लाक्षणिक वापरात टिंगल असते. ‘भिकेचे डोहाळे’ आठवा. म्हणून मंत्रिपदाचे डोहाळे चपखल. पण परवा लालबागमध्ये फलक पाहिला: ‘मंडळाला अमृतमहोत्सवाचे डोहाळे!’ महोत्सवाचे वेध लागतात हो, ग्रहणाचे लागतात तसे. कुणी आपल्याच मंडळाची अशी थट्टा करतं?

डोह राहिलाच. तो ‘ह्रद’च्या कुळातला. पाण्याचा.