बी उकरून पाहणाऱ्या मुलांसाठी

मागच्या अंकात, मुलांना स्वतःच्या हाताने एक तरी बी पेरू द्या, असं या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही आज एकत्र घेते आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या पत्रांतली मुलं मला चांगली ओळखीची वाटली.

ताई, माझी चार वर्षांची मुलगी कुंडीत राजम्याची बी पेरते आणि रोज सकाळी उकरून बघते. "अशाने मरेल ती" म्हटलं की रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरते. हे थांबवायचं कसं? — एक आई

थांबवू नका. आत काय चाललंय ते तिला बघायचंय आणि माती बघू देत नाही. तेव्हा बघता येईल अशी सोय करून द्या.

काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पेला घ्या. टिपकागद किंवा हात पुसायचा जाड कागद आतून काचेला चिकटेल असा गुंडाळा आणि मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद दाबून भरा, म्हणजे बाहेरचा कागद सुटणार नाही. सगळा कागद ओला करून तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवा. रात्रभर भिजवलेली बी काच आणि कागद यांच्यामध्ये, पेल्याच्या साधारण अर्ध्या उंचीवर, तिलाच सरकवू द्या. तिच्या बोटांना वेळ लागेल, लागू द्या. पेला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, तुमच्या नव्हे.

बघण्यासारखं पहिल्या तासापासून सुरू होतं. पाण्यात टाकल्यावर बीची साल आधी सुरकुतते, मग आतला गर फुगतो आणि बी पुन्हा तट्ट होते. दोन-तीन दिवसांत सालीला चीर जाते. बीच्या बाकदार बाजूला, शेंगेला चिकटल्याची खूण असते तिच्याजवळून, एक पांढरं टोक डोकावतं. ते मूळ. बहुतेक मुलांना आधी पान येईल असं वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. बी आधी पाणी शोषायची व्यवस्था करते, वर यायचं नंतर बघते. हे तुम्ही आधी सांगून टाकू नका. "आधी काय बाहेर येईल?" एवढं विचारा आणि तिचं उत्तर चित्रात काढून घ्या.

मूळ नखाएवढं झालं की पेला आडवा करून ठेवा. एखाद्या दिवसात मुळाचं टोक वळून पुन्हा खाली जायला लागलेलं दिसेल. खाली कुठे आहे हे मूळ कशावरून ओळखतं, याचा छडा लावायला १८०६ साली टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागतज्ज्ञाने पाण्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि त्या फिरता फिरताच रुजू दिल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली, कोंब मध्याकडे. जमिनीवर ओढ खाली असते, फिरत्या चाकावर ती बाहेरच्या बाजूला असते. ओढ ज्या दिशेला तिकडे मूळ जातं, हे त्यातून कळलं. मुलीला नाइट सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असावं; तिच्या आडव्या पेल्याकडे तुम्ही मग वेगळ्या नजरेने बघाल.

एक सूचना. मुळाभोवती पांढरी लव दिसली की घरची मोठी माणसं बुरशी समजून बी फेकून देतात. मुळ्याच्या बियांवर तर ही लव इतकी दाट येते की कोणीही फसेल. ते मुळाचे केस, त्यांनीच पाणी शोषलं जातं. पाण्याचा हलका फवारा मारा: केस मुळाला चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. बुरशी असेल तर जाळं सालीवर, कागदावर कुठेही पसरलेलं असतं आणि कुबट वास येतो.

कुंडीतही तीन-चार बिया पेरा आणि त्यातली एक उकरायची म्हणूनच ठरवून टाका. तिथे काडी खोचा. ती बी मुलीच्या हक्काची.

मी पूर्वप्राथमिकच्या वर्गाला शिकवते. आमच्याकडच्या तक्त्यावर "बी रुजायला माती, पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो" असं छापलं आहे. तसंच शिकवू का? वर्गात तीस मुलं आहेत, प्रत्येकाला बी देणं जमेल का? — एक शिक्षिका

तक्ता रोपाबद्दल बोलतो आहे आणि नाव बीचं घेतो आहे. रुजायला बीला पाणी, हवा आणि बेताची ऊब लागते. माती लागत नाही, हे वरच्या पेल्यात दिसलंच. बहुतेक बियांना उजेडही लागत नाही. लेट्यूससारख्या (सॅलडमधल्या पालेभाजीच्या) काही बारीक बिया मात्र उजेडात चांगल्या रुजतात, म्हणून त्या वर-वर पेरतात.

तक्ता चुकीचा आहे असं मुलांना सांगू नका, तो तपासायला द्या. चार पेले पुरतात: एक कोरडा, एक ओलसर, एक काठोकाठ पाण्याने भरून त्यात बी बुडवलेली आणि एक ओलसरच, पण बंद कपाटात. बुडालेली बी फुगते, मग मऊ पडते आणि वास मारायला लागते. पाणी आहे, तरी का नाही रुजली? या प्रश्नापाशी वर्ग थांबू द्या. "तिला श्वास घेता आला नाही" हे उत्तर बहुधा एखादं मूलच देतं, आणि ते बरोबर असतं. रुजणाऱ्या बीला ऑक्सिजन लागतो आणि बुडालेल्या बीपर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतणाऱ्या मुलांना पुढे वेगळं समजवावं लागत नाही.

खरी गंमत कपाटातल्या पेल्यात आहे. तिथली बी रुजतेच, आणि उजेडातल्या बीपेक्षा उंच होते. मुलं ओरडतात, "अंधारातली जिंकली!" या क्षणी गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं, पण राहा. रंग विचारा. देठाची जाडी विचारा. अंधारातलं रोप पिवळट, बारीक, पानं न उघडलेलं असतं; बीमधली शिदोरी ते उजेड शोधण्यात खर्च करत असतं. दोन्ही पेले आणखी दोन आठवडे तसेच ठेवा. पिवळं रोप आडवं पडल्यावर मुलं आपणहून कारण शोधायला लागतात. बी आणि रोप यांच्या गरजा वेगळ्या असतात, ही समजूत त्यातूनच येते आणि ती टिकते.

प्रत्येकाला बी देणं जमेल, आणि द्यायलाच हवी. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी १८४० च्या सुमारास बालशाळेची (किंडरगार्टनची) कल्पना मांडली, तेव्हा बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहान वाफा आणि भोवती सगळ्यांचे मिळून वाफे अशी रचना सुचवली होती. इतक्या वर्षांनंतरही मला यापेक्षा शहाणी रचना दिसलेली नाही. "आपल्या वर्गाचं झाड" म्हणून एकच कुंडी ठेवली की दोन चुणचुणीत मुलं पाणी घालतात आणि बाकीची बघत राहतात. कागदी कप, प्रत्येकात दोन बिया, बाहेर मुलाने स्वतः काढलेलं चिन्ह. लिहिता येत नसलं तरी अडत नाही. कपाला तळाशी भोक पाडायला विसरू नका. शिवाय सगळ्यांचे म्हणून दोन-तीन कप वेगळे ठेवा.

मोजायला पट्टी नको. रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची आणि तारीख टाकून वहीत शेजारी-शेजारी चिकटवायची. पाच वर्षांचं मूल या पट्ट्यांकडे बघून "इथे ते जोरात वाढलं" असं बोट ठेवून सांगतं. आकडे नंतर येतील.

दोन्ही मुलांनी एकाच दिवशी बिया पेरल्या. मुलीची उगवली, मुलाची नाही. तो रोज कुंडीपाशी जाऊन खट्टू होऊन परततो. रात्री गुपचूप एक उगवलेलं रोप तिथे लावून ठेवावं असं वाटतं. काय हरकत आहे? — एक बाबा

तुमची माया समजते, पण हे करू नका. मुलं रोपाचं पान न् पान ओळखतात. तुमचं गुपित फुटलं तर त्याचा स्वतःच्या निरीक्षणावरचाच विश्वास डळमळेल.

त्याच्याबरोबर बसून ती बी शोधा. मऊ, काळपट झाली असेल तर पाणी जास्त झालं. तशीच टणक असेल तर पाणी आत शिरलेलंच नाही. काही बियांची साल फार घट्ट असते. खूप खोल सापडली तर वर येण्याआधी शिदोरी संपली असेल. बीच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. आणि बी सापडलीच नाही, तर मुंगी, पक्षी, उंदीर अशी संशयितांची यादी त्याला करू द्या! न उगवलेल्या बीने त्याला बहिणीपेक्षा जास्त काम दिलं आहे.

बी टणक निघाली तर त्याला ही गोष्ट सांगा. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने २० बाटल्यांत निरनिराळ्या तणांच्या बिया वाळूत मिसळून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची, असा हा प्रयोग अजून चालू आहे. २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात, उजेड लागू न देता, एक बाटली काढली आणि तिच्यातल्या काही बिया उगवल्या, पुरल्यानंतर १४० हून जास्त वर्षांनी. पुढची बाटली २०४० मध्ये निघायची आहे. तुमचा मुलगा तेव्हा किती वर्षांचा असेल, हे त्यालाच मोजू द्या.

मग लगेच त्याच कुंडीत पुन्हा पेरा. या वेळी तीन बिया.

पाच वर्षांच्या मुलाने विचारलं, "बी जिवंत असते का?" मी "हो" म्हणाले. तो म्हणाला, "मग ती हलत का नाही?" मला पुढे सुचलं नाही. — एक आई

फार मोठा प्रश्न विचारलाय त्याने. या वयात जे हलतं ते जिवंत, असा मुलांचा हिशेब असतो. म्हणून रोपसुद्धा जिवंत आहे हे पटायला वेळ लागतो, बी तर दूरच.

भिजवलेल्या राजम्याची साल नखाने सोला आणि दोन दलं अलगद उघडा. एका दलाला, कडेला, चिकटलेलं इवलंसं रोप दिसेल: एका टोकाला मुळाचा अंकुर, दुसऱ्या टोकाला एकमेकांवर मिटलेली दोन पानं. भिंगातून त्या पानांच्या शिराही दिसतात. हे रोप पेरण्याआधीपासून तिथे आहे, हे बघितल्यावर मुलं एकदम आवाज खाली आणून बोलतात, हे मी वर्गावर्गात पाहिलं आहे. बाकीचा सगळा जाड गर म्हणजे त्या रोपाचं खाणं.

दुसरं म्हणजे, त्यालाच विचारा की बी जिवंत आहे का हे कसं शोधायचं. नाही सुचलं तर एवढं करा: काही बिया तुम्ही उकळून गार करा, काही नुसत्या भिजवा, आणि दोन्ही पेल्यांत लावा. दिसायला जवळपास सारख्याच, पाणी प्यायलेल्या दोन्ही. एक रुजते, दुसरी कधीच रुजत नाही. उकळताना तिच्यातलं काय गेलं? त्याच्याशी यावर बोला, आणि उत्तर पुरं करायची घाई करू नका. कोरडी बीसुद्धा जिवंत असते. तिचं काम अगदी मंद चाललेलं असतं आणि पाणी मिळालं की वेग घेतं. इस्राएलमध्ये मसादा इथल्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरली आणि तिचं झाड झालं. "मग ती हलत का नाही" याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उत्तर ते झाड आहे.

कोणत्या बिया वापराव्यात? काही काळजी घ्यायची का? — एक आजी

राजमा, वाटाणा, मका, सूर्यफूल, मुळा. राजमा आणि वाटाणा शेजारी लावा: राजमा आपली दोन्ही दलं उचलून मातीवर आणतो, वाटाणा ती मातीखालीच ठेवतो. नातवंडांना हा फरक आपणहून सापडू द्या.

काळजी मात्र नक्की घ्या. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात, म्हणून तो चघळू देऊ नका. तीन-चार वर्षांची मुलं बी नाकात किंवा कानात घालतात आणि तिथल्या ओलीने ती फुगते. नजर हवीच, आणि असं झालं तर घरी काढायच्या भानगडीत न पडता डॉक्टरकडे जा. शेतीसाठी विकलेल्या गुलाबी, निळ्या अशा रंगीत बियांना औषध लावलेलं असतं, त्या मुलांच्या हातात नकोत. एरंड, गुंज, धोतरा या बिया विषारी असतात, कितीही सुंदर दिसल्या तरी नको. माती हाताळल्यावर हात धुवायचे.

नातू विचारतो, "रोप माती खातं का? मग कुंडीतली माती कमी का होत नाही?" काय सांगू? — एक आजोबा

हाच प्रश्न व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाला चारशे वर्षांपूर्वी पडला होता. त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, सव्वादोन किलोचं विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७६ किलोंच्या पुढे गेलं आणि माती ६० ग्रॅमसुद्धा कमी झाली नाही. झाड पाण्याचंच बनतं, असा त्याने निष्कर्ष काढला. हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उजेडाच्या मदतीने अन्न तयार करतात, हे कळायला पुढे बराच काळ गेला. मातीतून थोडे क्षार येतात, तेवढेच.

नातू लहान असेल तर काचेच्या पेल्यातलं रोप दाखवा. तिथे माती नाही, तरी ते वाढतंय. राजम्याची दलं रोज थोडी थोडी सुकत, सुरकुतत जातात आणि वरची पानं मोठी होतात, हे त्याच्याकडून टिपून घ्या. दलं गळून पडली की विचारा, "आता हे काय खाईल?" त्याचं उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून ठेवा आणि रोप मातीत लावून खिडकीशी न्या. नातू आठ-नऊ वर्षांचा असेल, तर वजनकाटा आणून हेल्मोंटचा प्रयोग त्याच्याबरोबर लहान कुंडीत सुरू करा. माती पूर्ण वाळवून तोलायची, नाहीतर ओलाव्याचंच वजन मोजलं जाईल.