वापरकर्त्यांच्या मुलाखतीत लोक परस्परविरोधी बोलतात. त्यातून डिझाइनसाठी काही मिळू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलाखतीत लोक एक सांगतात आणि वागतात वेगळंच, मग खरं काय मानायचं? माझ्या मते दोन्ही खरं मानायचं. 'मला सगळे खर्च नोंदवायचे आहेत' असं सांगून महिनाभर ॲप न उघडणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला हिशेब हवा असतो आणि आकडा बघायची धास्तीही वाटत असते. ही ओढाताण समजली की काय बनवायचं ते सुचायला लागतं.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी अशा द्वंद्वांचे प्रकार मांडले. त्यातला, एकच गोष्ट हवीशी आणि नकोशीही वाटण्याचा प्रकार आपल्या कामात सतत भेटतो. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: माणसाला पुढे ढकलणारा जोर वाढवला तर ताण वाढतो, अडवणारा जोर कमी केला तर ताण न वाढता तो पुढे सरकतो. आपण मात्र नोटिफिकेशन्स वाढवत बसतो!

जीमेलमधलं 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेला मेल लगेच मागे घेण्याची सोय, बघा. 2009 मध्ये ते प्रयोग म्हणून आलं आणि 2015 मध्ये नेहमीची सोय झालं. मेल पटकन हातावेगळा करायचा असतो आणि चुकीचं काही गेलं तर, ही भीतीही असते. दर वेळी 'नक्की पाठवायचं का?' विचारलं असतं, तर लोक काही दिवसांत न वाचताच 'हो' दाबू लागले असते. त्याऐवजी मेल काही सेकंद रोखून धरला जातो. घाईही सांभाळली जाते, भीतीही.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांची बचत योजना तर याहून बोलकी आहे. निवृत्तीसाठी बचत हवी, पण हातात येणारा पगार कमी झालेला सोसत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून संमती आज घेतली आणि बचतीतली वाढ पुढच्या पगारवाढींना जोडली. बाहेर पडायची मुभा कायम ठेवली. पहिल्या कंपनीत सहभागी झालेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली.

मुलाखतीत 'तुम्हाला काय आवडेल?' विचारू नका. मागच्या वेळी नेमकं काय घडलं, कुठे हात थांबला, कोणाचा सल्ला घेतला, ते विचारा. समोरचा बोलता बोलता अडखळला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बरेचदा महत्त्वाचं त्यानंतरच येतं. आणि टिपणं काढताना दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहा. पर्सोना, म्हणजे मुलाखतींवरून रेखाटलेला नमुनेदार वापरकर्ता, बनवताना या दोन बाजूंची सरासरी काढली की नेमकं कामाचं तेवढंच हरवतं.

हेच ज्ञान वापरून लोकांना कोंडीतही पकडता येतं, याचा मला मनापासून राग आहे. नकाराच्या बटणावर 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहून माणसाला खजील करणारे स्क्रीन तुम्हीही पाहिले असतील. असं काही करायला सांगितलं तर ठाम विरोध करा. नकाराचं बटण साधं 'नको' म्हणणारं आणि होकाराइतकंच ठळक ठेवा.