जबाबदारीवर की जोखमीवर?

मुलीच्या प्रस्तरारोहण शिबिराचा अर्ज भरताना एका बाईंचं पेन थांबलं. अर्जात छापलंय, 'सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असून अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' त्या विचारतात, इथे 'जबाबदारीवर' योग्य की 'जोखमीवर'? शिवाय दुसऱ्या एका अर्जात 'मी जोखीम उचलत आहे' असं होतं, ते मराठी म्हणायचं का?

'जोखमीवर' योग्य. 'जोखीम उचलणे'ला हिंदीचा वास येतो. मराठीत जोखीम घेतात किंवा, त्याहून नेमकं म्हणजे, पत्करतात. पण प्रश्न एवढ्यावर सोडून देववत नाही.

'स्वतःच्या जबाबदारीवर' ही पाटी वाहनतळापासून देवळाबाहेरच्या चपलांपर्यंत इतक्या ठिकाणी दिसते की आपण तिचा अर्थ लावणंच सोडलंय. जबाबदारी हा फारसी वळणाचा शब्द. जबाब देणारा तो जबाबदार. म्हणजे जबाबदारीला दोन माणसं लागतात, एक विचारणारा आणि एक जबाब देणारा. कड्यावरून पडून पाय मोडलेल्या मुलीने जबाब कोणाला द्यायचा? ज्याला जबाब विचारायला हवा, त्यानेच हा शब्द तिच्या गळ्यात अडकवलाय.

जोखीम एकट्याचीही असू शकते. माझी आजी म्हणायची, 'अंगावर जोखीम घालून रात्रीच्या एसटीने जाऊ नकोस.' तिची जोखीम म्हणजे पाटल्या आणि बोरमाळ. जुन्या बोलण्यात जे गमावलं जाऊ शकतं त्या मौल्यवान वस्तूलाच जोखीम म्हणत. कड्यावर चढणाऱ्याची जोखीम म्हणजे त्याचे हातपाय.

फरक पटत नसेल तर क्रियापदं लावून पाहा. जबाबदारी सोपवता येते, ढकलता येते, झटकता येते. जोखीम झटकून दाखवा! ती टाळता येते, पण त्यासाठी घरी बसावं लागतं.

आणि 'पत्करणे' हे तर मला मराठीतलं फार हुशार क्रियापद वाटतं. आपण माघार पत्करतो, शरणागती पत्करतो, कमी पगाराची नोकरी पत्करतो. आइस्क्रीम कोणी पत्करत नाही, आणि मलेरियाही नाही. म्हणजे गोष्ट नकोशी असावी लागते, ती आधी ठाऊक असावी लागते आणि नाही म्हणायची सोय असताना हो म्हटलेलं असावं लागतं. 'व्होलेंटाय नॉन फिट इंज्युरिया' हे कायद्यातलं लॅटिन सूत्र हेच सांगतं: जाणूनबुजून, राजीखुशीने ज्याने धोका पत्करला त्याला त्याबद्दल दाद मागता येत नाही. आपली म्हण जास्त ठसठशीत आहे, उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला.

पण म्हण नीट वाचा. उखळात डोकं घालणाऱ्याने मुसळ पत्करलं. माळ्यावरचा पाटा डोक्यात पडणं त्याने पत्करलेलं नाही.

याचं सर्वांत चपखल उदाहरण इंग्लंडच्या बॉक्सिंगमधलं आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत झाली. बाराव्या फेरीत ती थांबवली गेली आणि वॉटसन कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्वास सांभाळण्याचे उपचार रिंगजवळच तातडीने व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. आणि आधी ज्या रुग्णालयात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. वॉटसनने खटला भरला तो युबँकवर नव्हे, तर सामन्यांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर. ठोसे त्याने पत्करलेच होते. पण डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केलं, की रिंगजवळच्या वैद्यकीय सोयीची काळजी घेणं हे मंडळाचं काम होतं. ठोसा हे मुसळ, न आलेले उपचार हा पाटा. जोखीम वॉटसनची, जबाबदारी मंडळाची, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच रिंगमध्ये.

आपल्याकडच्या फौजदारी कायद्यातही खेळाचं उदाहरण आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये (आता भारतीय न्याय संहितेचं कलम २५) दोघे जण मौजेखातर तलवारबाजी करायचं ठरवतात. लबाडी न करता खेळताना इजा झाली तर गुन्हा नाही, कारण त्या खेळातच तेवढ्या इजेला संमती आली. अट अशी, की जिवे मारण्याचा किंवा जबर दुखापतीचा हेतू नसावा, तसं घडण्याचा संभव असल्याची जाणीवही नसावी, आणि संमती देणारा १८ वर्षांवरचा असावा.

या १८ वर आपल्याकडे बराच वाद झाला, तो दहीहंडीच्या निमित्ताने. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालच्या गोविंदांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीचं बंधन गेलं आणि वयाची मर्यादा १४ वर आली. मग २०२२ मध्ये सरकारने मृत्यूसाठी १० लाखांचं संरक्षण जाहीर केलं. बातम्यांत तेव्हा 'सरकारने जोखीम घेतली' असंही ऐकलं. छे! सरकारने पैशांचा भार घेतला. जोखीम सर्वांत वरच्या थरावरच्या पोराचीच राहिली.

अर्जात न आलेला आणखी एक शब्द आहे हयगय. पोलिसांच्या फिर्यादीत 'हयगयीने व अविचाराने' हे ठरलेलं. जीर्ण दोर वापरणं, हेल्मेट न देणं, ही हयगय. तिला 'अपघात' म्हटलं की अर्जातलं 'आयोजक जबाबदार राहणार नाहीत' हेही निर्धोक वाटायला लागतं.

तेव्हा बाईंना मी असा मजकूर सुचवेन: 'कडा चढताना घसरणे, खरचटणे, हाड मोडणे हे धोके असतात, हे मला समजावून सांगितले आहे व ती जोखीम मी पत्करत आहे. दोर, हेल्मेट, प्रशिक्षक व प्रथमोपचार यांची जबाबदारी आयोजकांची राहील.' आयोजक दुसरं वाक्य खोडतील, कदाचित. खोडलं तर निदान काय खोडलं ते दिसेल.

आणि मुलगी १८ च्या आतली असेल, तर आईच्या सहीवर 'पत्करते' लिहू नये. दुसऱ्याच्या हाडांची जोखीम पत्करता येत नाही. तिथे साधं 'परवानगी देते' लिहावं.