उजनी धरणाच्या बॅकवॉटरला पहिल्यांदाच, तेही माहितगाराशिवाय, गळ टाकायला जायचंय. तयारी कशी करावी?

पुण्याहून तिघं मित्र निघणार, उजनी कुणीच पाहिलेली नाही आणि रॉड कोणता घ्यावा इथे गाडी अडलीय, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. रॉडचं नंतर बघू. आधी धरण रिकामं असताना कसं दिसतं ते बघा.

गूगल अर्थवर सॅटेलाइटचे जुने फोटो तारखेनुसार बघता येतात. कोरड्या वर्षातला एप्रिल-मे शोधा. २०२४ चा मिळाला तर उत्तमच, त्या उन्हाळ्यात उजनी पार मायनसमध्ये, म्हणजे वापराच्या साठ्याच्याही खाली गेली होती. एरवी पाण्याखाली असलेलं बरंच काही त्यात उघडं दिसतं: भीमेचं जुनं पात्र, ओढ्यांची तोंडं, बुडालेले रस्ते, गावठाणांच्या भिंती. पळसदेवचं जुनं देऊळही असंच पाणी उतरलं की वर येतं. ओढ्याचं तोंड जिथे उथळ संपून खोल होतं, तिथे खूण करून ठेवा. माशाची येजा तिथूनच. पडक्या भिंतींतही मासा असतो, पण तिथे गळ इतके अडकतात की मी त्या वाटेला जात नाही.

निघायच्या आदल्या दिवशी धरणाची टक्केवारी बघा, म्हणजे काठ कुठवर आलाय याचा अंदाज येतो. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, त्याखाली साधारण ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो.

परवानगीचं काम फोनवर होत नाही. तिथल्या पाण्यावर मच्छीमारांची पोटं आहेत. सकाळी भिगवणच्या मासळी बाजारात जा, परवाना कुठे मिळेल आणि जाळी कुठे लावलीत ते विचारा. सध्या कोणता मासा निघतोय हेही तिथल्या मासळीच्या पाट्या बघूनच कळतं. कुणाच्या जाळ्यात गळ अडकला तर ओढाताण करू नका, सरळ तंगूस (गळाची नायलॉन दोरी) कापा.

काठावर मात्र डोळे उघडे ठेवून चाला. पाणी ओसरलेला गाळ वरून तडकलेला, सुकलेला दिसतो आणि खाली गुडघाभर चिकट निघतो. गाळपेराच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या पिकातून जाऊ नका. सगळ्यात धोक्याच्या शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी: त्यांच्या केबली काठावरून थेट पाण्यात गेलेल्या असतात, जागोजागी जोड मारलेल्या. गळ केबलला अडकला असं वाटलं तरी पाण्यात उतरून सोडवायला जायचं नाही. मोटारींपासून लांबच बसा.

सामान साधंच पुरतं, रॉडही साधाच. चिलापीला बारीक गळ आणि गांडूळ, रोहू-कटल्याला कणकेत शेंगदाणा पेंड मळून. मरळ हवा असेल तर गवताच्या कडेला बेडकाचं ल्युअर (नकली आमिष). कडाक्याच्या थंडीत चिलापी मंदावते. मी फेब्रुवारीअखेर ते मार्च निवडतो आणि ऊन चढायच्या आत आवरतं घेतो. पावसाळ्याच्या तोंडाशी मासा अंड्यावर असतो, तेव्हा नकोच.

बोटीचा मोह टाळा, निदान उन्हाळ्यात तरी. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगावच्या मधल्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाचं वारं तिथे बघता बघता सुटतं.

आणि हो, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात, ती बाजू सोडून द्या. तुटलेली तंगूस गोळा करून परत आणा, पक्ष्यांच्या पायात गुंतते.