‘गुरु-ता-गद्दी’तला ‘ता’ कुठला?

नांदेडच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘२००८ साली आमच्या गावात गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हापासून हा शब्द कानावर आहे. यातला ‘ता’ म्हणजे पंजाबी ‘दा’ का? ‘गुरूची गादी’ एवढाच अर्थ घ्यायचा का? आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिब या ग्रंथाला गुरू म्हणतात ते आदरापोटी, आपण ज्ञानेश्वरीला माउली म्हणतो तसं का?’

आधी ‘ता’ची गोष्ट. तो ‘दा’ नाही, आणि हे पंजाबी व्याकरणावरूनच सांगता येतं. ‘दा’ म्हणजे ‘चा’. पण गद्दी पंजाबीतही स्त्रीलिंगीच, त्यामुळे ‘गुरूची गादी’ म्हणायचं असतं तर ते ‘गुरू दी गद्दी’ झालं असतं. इथला ‘ता’ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मानवता, लघुता, सुंदरता या शब्दांत येतो तोच संस्कृत भाववाचक प्रत्यय. मूळ शब्द ‘गुरता’, म्हणजे गुरुता, गुरुपण. त्याला जोडून गद्दी. दोन आडव्या रेघांनी तो तीन तुकड्यांत लिहिला गेला, आणि मधला ‘ता’ पोरका होऊन विभक्तीसारखा दिसायला लागला. ‘गुरुता-गद्दी’ असं एकाच ठिकाणी तोडून लिहिलं की अर्थ आपोआप उघडतो: गुरुपणाची गादी.

‘गुरूची गादी’ आणि ‘गुरुपणाची गादी’ यांत फरक तो काय, असं वाटेल. मला तर शीख परंपरेतला गुरू या शब्दाचा सगळा अर्थच त्या फरकात दिसतो.

मराठीत गुरू म्हटलं की आधी माणूस डोळ्यांसमोर येतो. आपण गुरू ‘करतो’. शाळेतले गुरुजी, पूजा सांगणारे गुरुजी, एकाच गुरूचे शिष्य ते गुरुबंधू, वडीलधारी मंडळी ते गुरुजन. मठाची गादी असते तीही कुणा व्यक्तीची, आणि तिच्यावर पुढची व्यक्ती बसते. संस्कृतात मात्र हा शब्द मुळात विशेषण आहे, अर्थ जड, भारदस्त. वृत्तातले लघु-गुरू आणि पदार्थविज्ञानातलं गुरुत्वाकर्षण यांत तो अर्थ अजून शाबूत आहे. ‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे तो घालवणारा, ही फोड सुंदर आहे, शीख प्रवचनांतही ती ऐकू येते. पण व्युत्पत्ती म्हणून वजनाचा अर्थच जुना.

आता गुरू नानकांकडे (१४६९–१५३९) येऊ. त्यांच्या ‘सिध गोसटि’ या रचनेत नाथपंथी सिद्ध त्यांना थेट विचारतात, तुझा गुरू कोण, तू कुणाचा चेला? नाथपंथात हा प्रश्न म्हणजे कूळ विचारण्यासारखाच. निवृत्तिनाथांना गुरू मानणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या मुलखात तरी त्याचं वजन समजावून सांगायला नको. नानक कुणा माणसाचं नाव घेत नाहीत. उत्तर असं आहे: ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला.’ शब्द हा गुरू, आणि त्या धुनीत लागलेलं ध्यान हा चेला. म्हणजे ग्रंथाला गुरू म्हणायची सुरुवात १७०८ मध्ये, दहावे गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला त्याला गादी दिली तेव्हा, झाली असं आपण धरून चालतो, पण शब्दाला गुरू म्हणणं पहिल्या गुरूंपासूनच आहे.

मग माणसं गुरू कशी झाली? ‘ता’ महत्त्वाचा ठरतो तो इथे. १५३९ मध्ये कर्तारपूरला नानकांनी श्रीचंद आणि लखमीदास या आपल्या मुलांना बाजूला ठेवून लहणा नावाच्या शिष्याला पुढे केलं. परंपरा सांगते की त्यांनी लहण्यापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवला आणि स्वतः त्याला नमस्कार केला. गुरूने शिष्याच्या पाया पडायचं, ही गोष्ट घडीभर थांबून पाहण्यासारखी आहे. लहण्याचं नाव त्यांनी ठेवलं अंगद, आपल्याच अंगाचा. पुढे सत्ता आणि बलवंड या कीर्तनकारांनी या घटनेवर जी वार (स्तुतिगीत) गायली तीही ग्रंथात आहे: ‘जोति ओहा जुगति साइ सहि काइआ फेरि पलटीऐ.’ जोत तीच, रीत तीच, धन्याने फक्त काया पालटली.

त्यामुळे ग्रंथातलं कुठल्याही गुरूंचं पद घ्या, शेवटी नाममुद्रा ‘नानक’ हीच. कुणाचं पद ते ‘महला १’, ‘महला ५’ अशा मथळ्यावरून कळतं. गुरूंना ‘पातशाही’ (राजपद) म्हणतात तेही क्रमांकाने: पहिली पातशाही, सहावी पातशाही. आठवे गुरू हरकृष्ण गादीवर आले १६६१ मध्ये, तेव्हा त्यांचं वय होतं पाच वर्षं. ‘गुरुजन’ या मराठी शब्दात पाच वर्षांचं मूल कसं बसवणार? शीख अर्थाने ते सहज बसतं, कारण गुरुता वयाची, विद्वत्तेची किंवा दाढीची नव्हती. ती जोतीची होती.

पाचव्या गुरूंनी, अर्जनदेवांनी, १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. लेखणी भाई गुरदासांची, आणि अमृतसरच्या हरिमंदिरात पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचं वाचन आणि सेवा करणारे, झाले बाबा बुड्ढा. त्या रात्री गुरू अर्जन ग्रंथाच्या शेजारी जमिनीवर झोपले, अशी आठवण परंपरेत आहे: गुरू खाली, ग्रंथ वर. त्यांच्याही आधी चौथे गुरू रामदास लिहून गेले होते, ‘बाणी गुरू गुरू है बाणी’. पुढे गुरू गोविंदसिंगांनी आपले वडील गुरू तेगबहादूर यांची वाणी ‘महला ९’ म्हणून ग्रंथात घातली. आणि १७०८ च्या ऑक्टोबरमध्ये गोदेच्या काठी, नांदेडला, देह ठेवण्याआधी त्यांनी ग्रंथापुढे काय ठेवलं? परंपरेच्या सांगण्याप्रमाणे पाच पैसे आणि नारळ. लहण्यापुढे ठेवलेलेच. विधी जुनाच होता, फक्त समोर या वेळी काया नव्हती. ‘गुरूची गादी’ म्हटलं तर वाटतं की एका माणसाच्या जागी एक पुस्तक बसवलं. ‘गुरुपणाची गादी’ म्हटलं की कळतं, १५३९ पासून जे चाललं होतं तेच पुढे चाललं.

म्हणून ‘अकरावा गुरू’ हा शब्दप्रयोग मला पुरता पटत नाही. तो वापरात आहे, आणि मोजणी म्हणून तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण रोजच्या अरदासीत, म्हणजे शिखांच्या प्रार्थनेत, काय म्हणतात पाहा: ‘दसां पातशाहियां दी जोत श्री गुरू ग्रंथ साहिब जी’. दहांच्या पुढचा एक असं नाही, दहांची जोत. अरदासीनंतर ‘गुरू मान्यो ग्रंथ’ हा दोहा म्हणतात (तो मूळ ग्रंथात नाही), त्यातलं क्रियापदही बघण्यासारखं आहे. आपण गुरू करतो; इथे तो मानायचा, कारण तो आधीपासून आहेच.

आता माउलीची तुलना. ती टाकाऊ मुळीच नाही. ‘आत्माराम दासबोध, माझे स्वरूप स्वतःसिद्ध’ हे समर्थांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन आपण ऐकलेलं आहे, आणि शीखही ग्रंथाच्या प्रतीला ‘सरूप’च म्हणतात. पण दासबोधापुढे कुणी गादी सोडली नाही. मठाची परंपरा माणसांतूनच पुढे गेली. नांदेडला माणसांची परंपरा तिथेच पूर्ण झाली.

पुण्यात एका शीख मित्राच्या घरी अखंड पाठ होता, अठ्ठेचाळीस तास अखंड वाचन. मी हळूच विचारलं, एकूण पानं किती? तो म्हणाला, ‘पानं नाही म्हणत. अंग. चौदाशे तीस अंग.’ पाठ संपल्यावर सरूप रुमाल्यांत गुंडाळलं, त्याच्या काकांनी डोक्यावर स्वच्छ वस्त्र ठेवून ते उचललं आणि अनवाणी निघाले. पुढे एक मुलगी पाणी शिंपडत होती. घरातल्या आजींना उभं राहवत नव्हतं, तरी त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. काकांच्या ओठांवर ‘वाहेगुरू’ सोडून दुसरा शब्द नव्हता. पुस्तक हलवताना असं कुणी चालत नाही. अंगद आणि अंग, दोन्ही शब्दांत तेच ‘अंग’ आहे, हे मला त्या दिवशी लक्षात आलं.

याच कारणाने ग्रंथ ‘उघडला’ म्हणत नाहीत, ‘प्रकाश केला’ म्हणतात. मिटला की ‘सुखासन’. मराठी बातमीत या प्रकाशाचं ‘प्रकाशन’ झालेलं मी वाचलं आहे, ते कृपा करून टाळावं. रोज सकाळी ग्रंथ उघडून समोर येणारं पद वाचतात, तो ‘हुकमनामा’. हाही गुरूचाच शब्द: आज्ञा गुरू देतो, पुस्तक देत नाही.

आणि आपल्या नामदेवांचं काय? त्यांची ६१ पदं ग्रंथात आहेत. ‘जउ गुरदेउ त मिलै मुरारि’, गुरू असेल तर मुरारी भेटेल, हे पद त्यांचंच. पण नामदेवांना शीख ‘गुरू’ म्हणत नाहीत, ‘भगत नामदेव’ म्हणतात. कबीर आणि रविदासही भगतच. गुरुतेच्या गादीवर ते बसले नव्हते. मात्र त्यांची वाणी गुरूचा भाग आहे, त्यामुळे ग्रंथापुढे टेकलेला प्रत्येक माथा नरसी-पंढरपूरच्या या शिंप्याच्या शब्दांपुढेही टेकतो. व्यक्ती गुरू नाही, तिचा शब्द गुरू आहे, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. मराठी वर्तमानपत्रांत ‘शीख धर्मगुरू’ हा शब्द सर्रास येतो, कधी ग्रंथींसाठी, कधी जथेदारांसाठी (तख्तांच्या प्रमुखांसाठी). आपल्याकडे ‘धर्मगुरू’ हे कुठल्याही धर्माच्या प्रमुखाला लावायचं बिरूद झालं आहे, हेतू वाईट नसतो. पण १७०८ नंतर कुठलाही देहधारी माणूस गुरू नाही, हा ज्यांच्या श्रद्धेचा कणा आहे त्यांना तो शब्द टोचतो. ग्रंथी, जथेदार, रागी, ज्ञानी, भाई, पंजप्यारे असे नेमके शब्द असताना त्याची गरजही नाही. ‘शीख’ हा शब्द स्वतःच ‘शिष्य’पासून आलेला, तिथे सगळेच शिष्य. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गोविंदसिंगांनी पंजप्याऱ्यांना, म्हणजे पाच प्रिय शिष्यांना, दीक्षेचं अमृत दिलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं, म्हणून त्यांना ‘आपे गुर चेला’, स्वतःच गुरू आणि स्वतःच चेला, म्हणतात.

राहिलं शुद्धलेखन. एकटा शब्द ‘गुरू’ दीर्घ, विभक्ती लागली तरी दीर्घ: गुरूला, गुरूंचा. समासात आधी आला की ऱ्हस्व: गुरुद्वारा, गुरुवाणी, गुरुग्रंथसाहिब. ‘वाहेगुरू’त तो शेवटी येतो म्हणून दीर्घ, आणि तिथे गुरू म्हणजे खुद्द परमेश्वर, ज्याच्याकडे पाहून ‘वाह’ निघावं असा. या हिशेबाने तुमच्या गावच्या सोहळ्याचं नाव ‘गुरुता-गद्दी’ होतं. ‘रु’ ऱ्हस्व, आणि ‘ता’ त्याला चिकटून.